पाळीव सरड्यांसाठी जिवंत खाद्य: कोणते किडे द्यावेत, कोणते चुकूनही नाहीत

किडे खाणारा सरडा एका घासात दोन गोष्टी गिळतो: तो किडा, आणि त्या किड्याने आदल्या एक-दोन दिवसांत जे खाल्लं ते. किड्याच्या पोटात कोंडा आणि गाजर असेल तर ते सरड्याच्या पोटात जातं. झुरळांसाठी लावलेलं जेल असेल तर तेही जातं. म्हणून ‘हा किडा माझ्या सरड्याला आवडेल का’ हा प्रश्न नंतरचा. हा किडा कुठे वाढला आणि काय खाऊन वाढला, हे आधी विचारायचं. याचं उत्तर मिळत नसेल तर तो किडा देऊ नका, सरडा कितीही भुकेला असला तरी. निरोगी, मोठा लेपर्ड गेको (पाळीव सरड्याची एक जात) आठवडाभर उपाशी राहिला तर त्याचं काही बिघडत नाही. एका विषारी किड्याने मात्र तो तासाभरात जाऊ शकतो.

पुढची माहिती मुख्यतः लेपर्ड गेको आणि बिअर्डेड ड्रॅगन यांना धरून आहे. लेपर्ड गेको पूर्ण कीटकाहारी आहे, त्याला भाजीपाला किंवा फळं देऊ नयेत. बिअर्डेड ड्रॅगन लहानपणी बहुतांश किडे खातो, पण साधारण दीड वर्षाचा झाल्यावर प्रमाण उलटतं आणि ताटातला तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग पालेभाजीचा असावा लागतो. क्रेस्टेड गेकोचं मुख्य खाणं म्हणजे फळांची तयार पावडर, किडे जोडीला. हिरवा इग्वाना शाकाहारी आहे, त्याला किडे द्यायचेच नाहीत. (इग्वाना ‘सायटिस’ या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्यामुळे त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. आणि घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. ती पाळणं गुन्हा आहे.)

बागेतले आणि दिव्याखालचे किडे

फुकट मिळतात, हलतात, सरडा झडप घालतो, म्हणून हा मोह मोठा. यातले काही किडे स्वतःच विषारी असतात, आणि बाकीचे कुठून आले हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो.

सगळ्यात धोकादायक काजवे. त्यांच्या अंगात ल्युसिब्युफॅजिन नावाची द्रव्यं असतात आणि ती थेट हृदयावर काम करतात. अमेरिकेत काजवा खाल्लेले बिअर्डेड ड्रॅगन दोन तासांच्या आत मेल्याच्या नोंदी पशुवैद्यकीय साहित्यात आहेत. तोंड वासणं, डोकं झटकणं, अंगाचा रंग अचानक काळवंडणं आणि मग मृत्यू, असा तो क्रम. ऑस्ट्रेलियातून आलेल्या या सरड्याचा त्या काजव्यांशी कधी संबंध आलेला नाही, त्यामुळे तो ते ओळखून टाळत नाही. भंडारदरा, पुरुषवाडी भागात मे-जूनमध्ये झाडं उजळवणारे काजवे वेगळ्या जातींचे आहेत, पण ते निर्धोक आहेत असं धरून चालू नका. त्या दिवसांत सह्याद्रीच्या आसपास राहत असाल तर सरड्याच्या टाकीजवळची खिडकी रात्री जाळीने बंद ठेवा. टाकीतल्या उजेडाकडे किडे ओढले जातात.

दुसरा, रुईवरचा नाकतोडा. पिवळ्या आणि निळसर-हिरव्या पट्ट्यांचा, बोटाएवढा, फारसा न उडणारा आणि पकडायला अगदी सोपा. रुईच्या चिकातली हृदयाला घातक द्रव्यं तो स्वतःच्या अंगात साठवतो, आणि त्याची पिल्लं डिवचली तर विषारी द्रव पिचकारीसारखा उडवतात. रुई आणि कण्हेर यांवर वाढणाऱ्या अळ्याही याच कारणाने बाद. नियम सोपा ठेवा: भडक रंगाचा आणि माणसाला न घाबरणारा किडा बहुधा विषारी असतो.

तिसरा, ब्लिस्टर बीटल. काळ्या अंगावर लाल-केशरी आडवे पट्टे असलेला हा भुंगा पावसाळ्याच्या उत्तरार्धात तूर, मूग, भेंडी आणि जास्वंदीच्या फुलांवर दिसतो. त्याच्या अंगातल्या कँथॅरिडिनने माणसाच्या कातडीवर फोड येतात. सरड्याच्या अन्ननलिकेत तेच होतं.

सुरवंट नकोत, त्यांचे केस तोंडात आणि घशात रुततात. वाणी नको, अंगावरच्या ग्रंथींतून ते जळजळणारा द्रव सोडतं. गोम, विंचू, कोळी यांचं कारण सांगायला नको. घरातली झुरळं नकोत, कारण शेजारच्या घरात काय फवारलं आहे ते तुम्हाला माहीत नसतं. बागेतल्या गोगलगायी, विशेषतः मुंबई-कोकणात पसरलेली मोठी आफ्रिकन गोगलगाय, परजीवी घेऊन फिरते आणि तिच्यासाठी टाकलेली विषारी खाद्यं खाऊन आलेली असू शकते. भिंतीवरच्या पाली, त्यांची पिल्लंसुद्धा, देऊ नका. एका सरपटणाऱ्या प्राण्याचे परजीवी दुसऱ्यात सहज रुजतात.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती झेपावणाऱ्या पंखवाल्या वाळव्या स्वतः विषारी नसतात. पण इमारतीच्या पायात वाळवीविरोधी औषध टाकलेलं असेल तर त्या त्यातूनच वर येतात. शेतातले हिरवे नाकतोडेही तसेच: फवारणी होऊन दोन दिवस झालेल्या शेतातला नाकतोडा दिसायला अगदी धडधाकट असतो.

गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळं बऱ्याच जणांना सोयीची वाटतात. बहुतेक ठिकाणी ती आयसेनिया फेटिडा जातीची असतात. दाबलं की पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडतात आणि त्यात लायसेनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. बरेच सरडे ती तोंडात घेऊन थुंकतात. त्यांच्यावर बळजबरी करू नका.

पाळलेले खाद्यकिडे: कोणाचा उपयोग कशाला

इथे एक आकडा डोक्यात ठेवा. सरड्याच्या खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट हवं. जवळपास सगळ्या खाद्यकिड्यांत हे गणित उलटं असतं. रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या सुमारे सातपट, सुपरवर्ममध्ये तेरापट, मीलवर्ममध्ये सोळा-सतरापट (या दोन्ही भुंग्यांच्या अळ्या). शरीरात कॅल्शियम कमी पडलं की ते हाडांतून काढलं जातं, आणि हाडं मऊ पडतात. खाऊन-पिऊनही सरडे लुळे पडतात ते यामुळे.

रातकिडे हे नेहमीच्या जेवणासाठी उत्तम. सुमारे २० टक्के प्रथिनं, ६-७ टक्के चरबी, आणि सतत उड्या मारत असल्यामुळे आळशी सरड्यालाही धावायला लावतात. दोष दोन: वास, आणि चावणं. उरलेले रातकिडे रात्री झोपलेल्या सरड्याची बोटं, शेपटी, पापण्या कुरतडतात.

डुबिया झुरळं (खाद्यासाठी पाळली जाणारी, घरातल्या झुरळांहून वेगळी जात) अनेक जाणत्या लोकांची पहिली पसंती आहेत, आणि ती रास्त आहे. वास जवळजवळ नाही, गुळगुळीत भिंतीवर चढता येत नाही, प्रौढ नरालाही नीट उडता येत नाही, कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण रातकिड्यापेक्षा बरं. जन्मतःच काही मिलिमीटरची पिल्लं आणि वाढल्यावर साडेचार सेंटिमीटरपर्यंत, त्यामुळे एकाच डब्यातून सगळ्या वयाच्या सरड्यांची सोय होते. घरातल्या कुणाला दमा किंवा झुरळांची ॲलर्जी असेल तर मात्र डब्याची सफाई मास्क लावून, बाल्कनीत करा.

मीलवर्म ठेवायला सोपे, म्हणून सगळे तेच देतात. १३ टक्के चरबी, कडक साल आणि कॅल्शियम नगण्य. अधूनमधून चालतात, रोजचं जेवण म्हणून नाही. नुकती कात टाकलेले पांढरे मीलवर्म पचायला सोपे, ते दिसले तर आधी वेचा. मीलवर्म सरड्याचं पोट कुरतडून बाहेर येतात ही गोष्ट खोटी आहे. चावल्यावर आणि पोटातल्या आम्लात ते लगेच मरतात.

सुपरवर्म म्हणजे मोठा मीलवर्म नव्हे, ती वेगळी जात आहे. चरबी १७-१८ टक्के, जबडा जोरदार. मोठ्या लेपर्ड गेकोला आठवड्यातून दोन-तीन पुरे. मीलवर्म फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ७ ते १० अंशांवर, आठवडेच्या आठवडे टिकतात. सुपरवर्म फ्रिजमध्ये ठेवले की मरतात. ते काळे, लिबलिबीत झाले असतील तर देऊ नका.

बीएसएफ अळी, म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी, हा एकमेव सहज मिळणारा किडा ज्यात कॅल्शियम फॉस्फरसहून जास्त असतं, साधारण अडीचपट. तिला वरून पावडर लावायची गरज नाही. आपल्याकडे ही अळी कोंबड्या आणि माशांच्या खाद्यासाठी मोठ्या प्रमाणावर वाढवली जाते, आणि इथेच अडचण येते: ती हॉटेलच्या ओल्या कचऱ्यावर वाढवली आहे की कोंबडीच्या विष्ठेवर, ते विचारा. धान्य, कोंडा किंवा भाजीपाला यांवर वाढवलेलीच घ्या. आणल्यावर गाळणीत साध्या पाण्याने धुऊन कागदावर कोरडी करा.

रेशीम अळी हा महाराष्ट्रातल्या सरडेपाळ्यांना मिळणारा मोठा फायदा आहे आणि त्याचा वापर फार कमी होतो. मराठवाड्यात तुतीची शेती वाढली आहे, जालन्याला कोषांचा बाजार भरतो. ही अळी मऊ आणि पाणीदार, आणि चरबी दीड टक्क्याच्या आसपास. आजारातून उठलेल्या, नीट पाणी न पिणाऱ्या किंवा जाड झालेल्या सरड्याला याहून चांगलं खाणं नाही. तिसऱ्या अवस्थेतली (दोनदा कात टाकलेली) अळी गेकोला, चौथ्या-पाचव्या अवस्थेतली मोठ्या बिअर्डेड ड्रॅगनला. दोन गोष्टी पाळा. संगोपनगृहात रोग टाळण्यासाठी अळ्यांच्या बेडवर चुन्याची भुकटी आणि जंतुनाशक पूड टाकतात, म्हणून अळ्या आणल्या की स्वच्छ, न फवारलेल्या तुतीच्या पानांवर किमान एक दिवस ठेवा आणि पानं दोनदा बदला. आणि मऊ पडलेली, काळवंडलेली, दुर्गंधी येणारी अळी दिसली तर फक्त ती नव्हे, तिच्या डब्यातल्या सगळ्याच अळ्या टाकून द्या.

मेणअळी म्हणजे वॅक्सवर्म, २५ टक्के चरबी. महिन्यातून एक-दोन, किंवा अशक्त सरड्याला वजन चढवण्यासाठी. याची चटक लागली की सरडा दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही.

उंदराची पिल्लं या दोन्ही सरड्यांना लागत नाहीत.

विकत घेताना

डबा उघडा आणि आधी वास घ्या. डोळ्यांना चुरचुरणारा अमोनियाचा वास आला तर खालची विष्ठा अनेक दिवस काढलेली नाही. मेलेल्या किड्यांचा थर असेल तर जिवंत किडे तेच खाऊन जगत आहेत. डब्याच्या कडांवर, कोंड्याच्या पृष्ठभागावर नीट बघा: पांढुरकी-तपकिरी धूळ दिसते आणि ती धूळ हळूहळू सरकते, तर त्या धान्यातल्या माइट, म्हणजे अतिसूक्ष्म किडी, आहेत. चिमटीत चोळली तर पुदिन्यासारखा वास येतो. असा डबा घरात आणू नका.

विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा: किडे कशावर वाढवता, दुकानात पेस्ट कंट्रोल शेवटचं कधी केलं, आणि हे स्वतः वाढवता की बाहेरून आणता. आणलेले किडे ३-४ दिवस वेगळ्या डब्यात ठेवा. या दिवसांत मोठ्या संख्येने मेले तर ती खेप वापरू नका. कारण शोधत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आकार

सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड किडा नको. लांबी फार तर त्याच्या डोक्याएवढी. मोठा किडा घशात अडकतो, उलटून पडतो, किंवा आतड्यात तुंबून मणक्यावर दाब आणतो. बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लांत याने मागचे पाय लुळे पडतात. सुपरवर्म लांब असल्यामुळे इथे सगळ्यात जास्त चूक होते: जाडी बसते, पण लांबी बसत नाही.

किड्यांना खाऊ घालणं

सरड्याला देण्यापूर्वी २४ ते ४८ तास किड्यांना कॅल्शियमयुक्त खाणं देतात, त्याला गट-लोडिंग म्हणतात. १०० ग्रॅम मिश्रणासाठी: गव्हाचा कोंडा ४० ग्रॅम, ओट्सचं पीठ ३० ग्रॅम, सावलीत वाळवलेल्या शेवग्याच्या पानांची पूड १० ग्रॅम, खाण्याच्या दर्जाचं कॅल्शियम कार्बोनेट २० ग्रॅम. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असतं, म्हणजे मिश्रणात ८ टक्के येतं. त्याहून कमी असेल तर किड्याच्या पोटातलं गणित फारसं बदलत नाही. सगळं मिक्सरमध्ये अगदी बारीक दळा, नाहीतर रातकिडे ओट्स वेचून खातात आणि कॅल्शियम तळाला राहतं.

हे मिश्रण किड्यांचं रोजचं अन्न नाही. तीन-चार दिवसांहून जास्त याच्यावर ठेवलं तर रातकिडे मरायला लागतात. म्हणून मुख्य डब्यात साधा कोंडा, आणि दोन दिवसांच्या खाण्यापुरते किडे वेगळ्या छोट्या डब्यात काढून त्यांना हे मिश्रण. पाण्यासाठी वाटी ठेवू नका, रातकिडे त्यात बुडून मरतात. गाजराची किंवा लाल भोपळ्याची चकती पुरते, साल काढून. पालक आणि अळूची पानं टाळा, त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. बटाट्यात पाण्याशिवाय फारसं काही नाही. रेशीम अळी तुतीशिवाय खात नाही आणि मेणअळी असलं मिश्रण खात नाही, त्यामुळे त्यांचं गट-लोडिंग होत नाही. त्यांना वरून पावडर.

कोंडा कुठून आणता याकडे लक्ष द्या. वर्षभराच्या साठवणीच्या धान्याला आपल्याकडे सर्रास बोरिक पावडर लावतात. ती कीटकनाशकच आहे. अशा गव्हाचा कोंडा टाकला की दोन-तीन दिवसांत डबा शांत होतो. न लावलेल्या धान्याचाच कोंडा घ्या, आणि वापरण्याआधी घट्ट पिशवीत घालून फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा, म्हणजे आतले सोंडे आणि माइट मरतात. कोंबडीचं खाद्य वापरायचं असेल तर पिल्लांचं नको. त्यात कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवींविरोधी औषध मिसळलेलं असतं.

वरून पावडर

किडे एका उभट डब्यात घ्या, दहा किड्यांना चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेटची पावडर टाका, दोनदा गोल हलवा. किडा पिठात हलका घोळल्यासारखा दिसला पाहिजे, पांढरा ढेकूळ नको. लगेच द्या. रातकिडे अंग साफ करतात आणि काही मिनिटांत निम्मी पावडर गळून जाते.

वाढत्या पिल्लांना प्रत्येक जेवणाला, मोठ्या सरड्याला एक जेवण आड. टाकीत यूव्हीबी नळी (अंगात डी३ जीवनसत्त्व तयार व्हायला लागणारे अतिनील किरण देणारा दिवा) असेल तर साधं कॅल्शियम. यूव्हीबी नसेल तर डी३ असलेली पावडर, पण मोजून, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. डी३ जास्त झालं तर कॅल्शियम रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडांत साचतं. खिडकीतलं ऊन काचेतून आलं तर त्यात यूव्हीबी जवळजवळ उरत नाही, ते धरू नका. आठवड्यातून एकदा मल्टिव्हिटॅमिन, आणि त्यात रेटिनॉल (तयार अ-जीवनसत्त्व) असलंच पाहिजे. किड्यांत अ-जीवनसत्त्व नसल्यासारखंच असतं, आणि त्याच्या कमतरतेने गेकोच्या पापण्यांखाली चिकट पदार्थ साचून डोळे मिटतात.

पानाला लावायचा चुना कॅल्शियम म्हणून कधीही वापरू नका. ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे, तोंड आणि घसा भाजतो. तयार पावडर मिळत नसेल तर पक्ष्यांच्या दुकानातलं समुद्रफेन किसून, मलमलच्या कापडातून चाळून वापरता येतं. अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळून, कडक वाळवून, मैद्याइतकी बारीक दळली तर चालतात. माणसांच्या चघळायच्या गोळ्यांत साखर, स्वाद आणि भरपूर डी३ असतं, त्या नकोत.

प्रत्यक्ष देताना

आधी उष्णता तपासा. लेपर्ड गेकोच्या गरम कोपऱ्यातली जमीन ३१ ते ३३ अंश, बिअर्डेड ड्रॅगनची ऊन खायची जागा ३८ ते ४२ अंश. इतकी ऊब मिळाली नाही तर किडा पोटात पचण्याऐवजी सडतो. पुण्या-नाशकात डिसेंबरच्या रात्री वीज गेलेली असेल आणि हीटर बंद असेल तर त्या दिवशी जेवण टाळा.

लेपर्ड गेकोच्या पिल्लाला रोज ५-७ लहान किडे. मोठ्याला दोन-तीन दिवसांतून एकदा, शरीराच्या दर इंचामागे साधारण दोन. बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा, दहा ते पंधरा मिनिटांत खाईल तेवढे. मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा दहाच्या आसपास, आणि पालेभाजी रोज. शेपटीकडे बघत राहा: गेकोची शेपटी मानेहून खूप जाड झाली आणि काखेत फुगवटे आले, तर किडे कमी करा.

अळ्या उभ्या कडांच्या गुळगुळीत वाटीत द्या, नाहीतर त्या वाळूत किंवा मातीत शिरतात. रातकिडे एकेक सोडा किंवा बोथट चिमट्याने द्या. सुपरवर्म चिमट्यानेच. पंधरा मिनिटांनी टाकी तपासून उरलेला प्रत्येक रातकिडा काढा, दगडाखालचाही. एखादा सापडतच नसेल तर रात्री गाजराची चकती ठेवा. तो तिच्यावर येतो आणि सरड्याला चावत नाही.

किडे किंवा सरडा हाताळल्यावर साबणाने हात धुवा. सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो, त्यामुळे वाट्या आणि चिमटे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका आणि पाच वर्षांखालच्या मुलांना या कामापासून लांब ठेवा.

घरातली विषं

किडे अचानक उताणे पडून पाय झाडू लागले तर आधी प्लगमधलं डास पळवायचं लिक्विड बघा. त्यात आणि कॉइलमध्ये पायरेथ्रॉइड असतात, ती मुळात किड्यांसाठीच बनवलेली. ज्या खोलीत डबे किंवा टाकी आहे तिथे कॉइल, लिक्विड, स्प्रे, झुरळाचा खडू, डांबरगोळ्या यांतलं काहीही नको. पालिकेची धूरफवारणी गल्लीत आली की खिडक्या लावा, डब्यांवर ओला कपडा टाका, तासाभराने खोली हवेशीर करा. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी किडे दुसऱ्या घरी हलवा.

मुंग्या रात्रीत अख्खा डबा संपवतात, पण त्यासाठी पावडर टाकू नका. डबा चार वाट्यांवर ठेवा आणि त्या वाट्या साबणाच्या पाण्याने भरलेल्या ताटात. पावसाळ्यात कोंड्याला बुरशी लागते, म्हणून जून ते सप्टेंबर भाजीची चकती १२ तासांत काढा आणि झाकणाला जाळी जास्त ठेवा. बुरशी दिसली की कोंडा फेका, चाळून परत वापरू नका.

बिघडलं तर

चालताना थरथर, कोपरं वाकडी, खालचा जबडा बोटाने दाबल्यावर रबरासारखा दबणं, पोट जमिनीला घासत सरकणं ही कॅल्शियम कमी पडल्याची लक्षणं. पावडर वाढवून हे घरी बरं होत नाही. सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे जा. न पचलेला किडा परत येणं म्हणजे बहुतेक वेळा ऊब कमी किंवा किडा मोठा. पातळ, दुर्गंधी विष्ठा आणि खाऊनही वजन घटणं हे परजीवींचं लक्षण. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन तपासायला न्या. विकतचे किडे खाणाऱ्या सरड्याची अशी तपासणी वर्षातून एकदा तशीही करून घ्यावी.

काजवा किंवा अनोळखी किडा खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट पाहू नका. दूध, तेल, मीठ-पाणी काही पाजू नका, उलटी काढायचा प्रयत्न करू नका. किड्याचा उरलेला भाग किंवा फोटो, खाल्ल्याची वेळ आणि सरड्याचं वजन ग्रॅममध्ये, एवढं घेऊन थेट दवाखान्यात जा. आधी फोन करा, कारण सरडे तपासणारे डॉक्टर सगळ्या दवाखान्यांत नसतात. तो नंबर अशी वेळ येण्याआधीच टाकीवर चिकटवून ठेवा.

जास्त झालेले किडे बागेत, गच्चीत किंवा गटारात सोडू नका. डुबिया किंवा सुपरवर्म इथले नाहीत. पिशवीत बंद करून ४८ तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग ओल्या कचऱ्यात टाका.